आर्गॉनची जागा

४ नोव्हेंबर
आजपासून रागवायचं नाही. रक्तदाब वर गेलाय, डॉक्टरांनी बजावलंय.
सकाळी दहापर्यंत पाळलं. मग मुख्याध्यापकांनी बोलावलं. प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा आवर्तसारणीचा तक्ता ओल लागून सडलाय. अठ्ठावीसला तपासणी समिती येतेय, तेव्हा भिंतीवरच नवा रंगवून घ्या, म्हणाले. मी आणि रसायनशास्त्राच्याच दुसऱ्या शिक्षिका, बाई, यांनी मिळून. मिळून! मी सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. बाईंना येऊन तीन वर्षं झाली. तळपायाची आग मस्तकात गेली.
पण वर सांगितलं की विभागप्रमुख महिनाअखेर निवृत्त होतायत आणि पुढचं नाव समिती सुचवणार. म्हणजे माझं. स्टाफरूममध्ये हात असलेली खुर्ची एकच आहे, ती प्रमुखांची. मधल्या सुट्टीत दोन मिनिटं बसून पाहिली. मापाची आहे.

५ नोव्हेंबर
बाईंना सांगितलं, तुम्ही फक्त रंगांचं बघा, मांडणी माझी. त्या हसल्या आणि बरं म्हणाल्या. हसल्या कशाला? दिवसभर डोकं तापलेलं. हा राग नव्हे, विचार होता.
पुस्तक उघडायचं नाही, हा संकल्प. जुना तक्ता सव्वीस वर्षं माझ्या पाठीमागे होता. शिकवताना मला कधी वळून बघावं लागलं नाही.

९ नोव्हेंबर
यादी तयार. कॉलेजात पाठ केलेलं वाक्य अजून जसंच्या तसं आहे: मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने. हलकं आधी, जड नंतर. शेंबडं पोर लावील. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्याला यादी दिली. एकशे अठरा चौकोन, डावीकडून उजवीकडे भरत जा, अक्कल चालवू नकोस, म्हटलं.
तळाशी ‘संकल्पना व मांडणी’ आणि माझं नाव. अक्षरं हायड्रोजनच्या दुप्पट.

१५ नोव्हेंबर (रविवार)
पद्धत म्हणजे काय ते घरातही कळावं, म्हणून ओट्यावरचे सगळे डबे वजनकाट्यावर तोलून चढत्या क्रमाने लावले. बायको बाहेर गेली होती. आल्यावर तिने चहा केला. साखरेशेजारी त्याच वजनाचा धुण्याच्या सोड्याचा डबा होता. पहिला घोट मी घेतला.
बायको म्हणाली, डबा किती जड ते बघून कोणी स्वयंपाकघर लावतं का? कोणता कशाला लागतो ते बघायचं, एका कामाचे एका रांगेत. तिला विज्ञानातलं काय कळतंय! भांडण झालं. ते तिने केलं.

१८ नोव्हेंबर
पेंटरला वाचा फुटली. म्हणे, साहेब, कपाटात पोटॅशियमची बाटली आहे, तिच्यावर लाल अक्षरांत पाण्यापासून दूर ठेवा लिहिलंय. मग इथे, ‘निष्क्रिय वायू’ लिहिलेल्या रांगेत कसं आलं? ब्रश धरणाऱ्यांनी आता मला शिकवायचं! आवाज तळमजल्यापर्यंत गेला असं शिपाई म्हणाला. खोटं. पहिल्या मजल्यापर्यंतच गेला असेल.

१९ नोव्हेंबर
पेंटरनेच चहाडी केली असणार. बाई आल्या. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, सर, आर्गॉन पोटॅशियमपेक्षा किंचित जड आहे, त्यामुळे दोघांची अदलाबदल झालीय. क्रम वजनाने लागत नाही, अणुअंकाने लागतो. आर्गॉन अठरा, पोटॅशियम एकोणीस. उभ्या रांगेत एका स्वभावाचे शेजारी येतात. कोबाल्ट-निकेल, टेल्युरियम-आयोडीन आणि तळाच्या ओळीतल्या थोरियमसारख्या काही जोड्यांचंही तेच झालंय.
स्वभाव! मूलद्रव्यांचा स्वभाव बघत बसायला मी काय लग्न जुळवतोय? हळू आवाजात बोलण्याचाच जास्त राग आला. उपकार केल्यासारखा. मी मोठ्याने उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, पण बिनतोड होतं.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळ
रंग वाळला. झकास दिसतंय. विशेषतः नाव.
सगळे गेल्यावर पुस्तक उघडलं. संकल्प मोडला असं नाही, बाईंची चूक दाखवायला उघडलं. आर्गॉन अठरा. पोटॅशियम एकोणीस.
छापखान्याची चूक असू शकते. दुसरं पुस्तक उघडलं. तिसरं उघडलं. च्यायला.

२७ नोव्हेंबर
बाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, पेंटर बाहेर थांबलाय, चुकलेले चौकोन तासाभरात होतील, कोणाला कळणारही नाही. हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण कोणाला कळणारही नाही, म्हणजे? बाईंना कळलंय! पेंटरला कळलंय! एकाही चौकोनाला हात लावायचा नाही, असं ठणकावलं.
कोणी विचारलंच, तर पेंटरने घोटाळा केला म्हणायचं. ठरलं.

२८ नोव्हेंबर
समितीतल्या एक वयस्कर बाई भिंतीसमोर थांबल्या. पोटॅशियम इथे कसं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, पेंटर. त्यांनी चष्मा वर करून तळाची ओळ वाचली. मोठ्याने. ‘संकल्पना व मांडणी’, आणि पुढे माझं नाव, आडनावासकट.
मग मी चिडलो. सव्वीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने तक्रार केलेली नाही, असं ओरडून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, विद्यार्थी बिचारे तुमच्या मागचा जुना तक्ता बघून शिकत असतील.
मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत राहिले. आमच्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, तर निदान भांडता आलं असतं.

१ डिसेंबर
बाई विभागप्रमुख झाल्या. ती खुर्ची त्यांना ढगळ होते, पण बसल्या.
पेंटरने चुकलेले चौकोन दुरुस्त केले. पन्नास मिनिटं लागली. नाव पुसू का, म्हणून त्याने मला विचारलं. मी पुस म्हटलं. पुसल्यावर भिंतीचा तेवढा पट्टा जास्तच स्वच्छ दिसतो.
दुपारी मुख्याध्यापकांचं लेखी पत्र मिळालं. उद्या नववीला आवर्तसारणीचा धडा बाई घेणार. मी वर्गात बसून ऐकायचं, शेवटच्या बाकावर, तक्त्याकडे तोंड करून.
घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं हसेल. तिने डबे केव्हाच आपल्या पद्धतीने परत लावले होते. चहा नीट झाला होता.
उद्यापासून रागवायचं नाही. पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.