करंगळीकडचं हाड, अंगठ्याकडचं हाड

आबा, सगळ्यात आधी आली ती शेजारीण. विरजण मागायचं निमित्त. खरं तर माझी नात सांगलीच्या कॉलेजातनं माणसाची हाडं घेऊन येणार, हे तिच्या कानावर गेलतं. नात अन् तिची मैत्रीण एसटीतनं उतरून आल्या, सोप्यात पिशवी उघडली, तशी बाई विरजण टाकून पळाली. "आगं बया, देव्हारा हाय घरात!" लय हसलो आमी. डॉक्टर होणार हाय तुमची पणती! बेदाणे द्यायला गेले, तर दोघींनी तळहात कसे चटकन उताणे केले. माझा उजवा हात तसा वळत न्हाई. साठ वर्षं देवळातला परसाद मी पदरात घेते.

नातीनं कोपराखालची दोन हाडं माझ्याम्होरं मांडली. करंगळीकडचं जात्याच्या खालच्या दगडासारखं जागेवर ऱ्हातं, अंगठ्याकडचं त्याच्यावरनं फिरतं, तवा हात उताणा होतो. मग तिनं माझा हात चाचपला.

"आज्जी, करंगळीकडचं सरळ जुळलंय. ते कातडीखालीच असतं, बोटाला लागतं. अंगठ्याकडचं मांसात दडलेलं. तेबी मोडलं हुतं, पर ते कुणी बसवलंच न्हाई."

"मी हलले म्हणून झालं की गं ते."

"तुझ्या हलण्याचा काय संबंध? बांबूच्या कामट्या बांधायच्या आधीच चुकलंय."

आबा! एवढे नावाजलेले हाडवैद्य तुमी. मी चिंचेवरनं पडले तवा आई म्हणत हुती, साताऱ्याला दवाखान्यात नेऊया. तुमी म्हणालात, "हाडवैद्याची पोर दवाखान्यात? उद्या माझ्या दारात कोण येईल?" कामट्या सुटल्या, हात फिरंना, तर आल्यागेल्याला सांगितलंत, "पोरगी वळवळी, पडून ऱ्हाईली न्हाई." मला बघायला आलेल्या पावण्यांनाबी तेच. चुकलात तुमी अन् वळवळी मी! आपल्या म्हसवडच्या घरातल्या त्या खोलीत महिनाभर मेल्यागत पडून हुते, माशी बसली तरी हलले न्हाई. तुमाला ठावं हुतं. उशाशी बसून मला भरवत तुमीच हुता.

तुमच्याच गोष्टी ऐकून नात डॉक्टरकीला गेलीय. तिनं इचारलं, "हात कुणी बसवला हुता गं?" मी म्हणाले, "हुता एक वैद्य, कवाच मेला." तुमचं नाव घ्यायला जीभ रेटली न्हाई. एवढी संतापले हुते, तरीबी.

ही चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली सारते. नात परत इचारल, सोडायची न्हाई ती. रविवारी येतो म्हणाल्यात दोघी.