दादाचं रक्त, नातवाचं रक्त

ती. ताईस धाकटीचा नमस्कार. आधी बस, मग वाच.

लेकीचं बाळ बरं आहे. दूध ओढतंय, घरभर सगळ्यांना नाचवतंय. पण तपासणीसाठी टाचेला सुई टोचली, तर रक्त थांबेचना. कापूस बदलून बदलून नर्स थकली. त्याला हिमोफिलिया निघाला. रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या अंगात जवळजवळ तयारच होत नाही.

मी तडक जावयावर घसरले, "तुमच्याकडे कुणाला होतं हे?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, मुलाला हे आईकडून येतं. तुम्हाला भाऊ होता?"

माझी वाचाच बसली. जावई शहाणा, छताकडे बघत राहिला.

ताई, आपला दादा दात काढल्यावर रक्त वाहून गेला, आणि आपण आजवर त्या दातांच्या डॉक्टरला शिव्या घालतोय! दोष आईकडून दादात आला, माझ्यातही आला, आणि माझ्यातून गुपचूप लेकीत गेला. बायकांना बहुतेकदा पत्ताही लागत नाही.

घाबरू नकोस. आता तो घटक सुईने देतात. बिघडलेल्या जनुकाचं काम करणारं चांगलं जनुक देणंही मोठ्या माणसांत जमू लागलंय. लहानांसाठी संशोधन चालू आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? ते राहू दे. तुझी लेक सातव्या महिन्यात आहे. दोष तुझ्यातही असू शकतो, तिच्यातही. तिला उद्याच तपासायला ने. बाळंतपणात बाळाचं डोकं ओढायला चिमटे लावू नका, आत रक्त वाहील, असं डॉक्टरांना आधीच सांग. व्याही काय म्हणतील, याचा घोर नको. त्यांना माझा फोन नंबर दे.

तुझी, जन्मात पहिल्यांदा गप्प झालेली,
धाकटी