पोटाशी बांधलेली बाटली

आई, काल भर दुपारी वीज गेली आणि माझा हात आपसूक पोटाशी गेला, तुझा जायचा तसा. तुला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी वीज गेली की मला तूच दिसतेस. रत्नागिरीतल्या इस्पितळाचा बाळंतिणींचा वॉर्ड, पातळावर पांढरा कोट, आणि कोटाखाली पोटाशी फडक्यानं बांधलेली ती छोटी बाटली.

मी नुकती बाळंत झाले होते आणि तापानं फणफणले होते. तू त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला, सगळ्यांच्या ‘लॅबवाल्या बाई’. बाळंतपणात शिरलेल्या जंतूंचं विष रक्तात भिनलं होतं. इंजेक्शनं चालू होती आणि ताप हलायला तयार नव्हता. मला मात्र काही दुखत नव्हतं गो. खाट तरंगत होती. खिडकीशी तुझ्या माहेरची दाभोळची खाडी आली होती, मी होडीत आडवी पडून तळाला लागणारं पाणी ऐकत होते. काठावर माझं बाळ रडत होतं आणि होडी काही काठाला लागत नव्हती. अजूनही कधी झोपेत ती होडी येते.

मी ग्लानीत असताना तूच माझं रक्त काढलंस आणि बाटलीतल्या, जंतूंना पोसणाऱ्या रसात सोडलंस, हे तू मला पुढे सांगितलंस. बाटली उबेत राहिली की रक्तातले जंतू वाढणार, मग कुठल्या औषधानं ते मरतात हे बघता येणार. पण वादळानं विजेचे खांब आडवे केले आणि तुझी उबेची पेटी गार पडली. तेव्हा तू ती बाटली पोटाशी बांधलीस. नर्स हसली, “काय हो बाई, लेकीच्या पाठोपाठ तुम्ही पण?” तू म्हणालीस, “गप गो मेले, जंतू वाढवत्ये मी!” माझ्या खाटेशी येऊन बसलीस तेव्हा मी विचारलं, “कुणाची गो आई, ती?” “आहे एका बाळंतिणीची. तू नीज.”

औषधाच्या बाबतीत तू पहिल्यापासूनच खाष्ट. लहानपणी घसा खवखवला म्हणून मी कपाटातली कॅप्सूल घ्यायला गेले, तर स्वयंपाकघरात चुलीपुढून ओरडलीस, “चणे-फुटाणे आहेत का ते? उगाच खाल्लंस तर जंतू शहाणे होतील, मग खऱ्या दुखण्याला काय देऊ तुला, माझं डोस्कं?” आणि मिठाच्या पाण्याचा पेला हातात आदळलास. किती राग यायचा तुझा! शेजारच्या मुलींच्या आया प्रेमळ, आमचीच तेवढी कजाग, असं वाटायचं. त्या वॉर्डातही तरुण डॉक्टर म्हणाले, “बाई, डोस वाढवून बघू या?” तू उसळलीस, “अहो, पण जंतू त्या औषधाला भीकच घालत नसतील तर?” आणि तुझा आवाज फाटला. तुझा आवाज फाटलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

मग वीज आली, बाटली गढूळ झाली. तू काचेच्या बशीत जंतू पसरलेस, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवल्यास. दुसऱ्या दिवशी बशी उजेडात धरून बघितलीस, आणि धसकलीस. मला टोचत होते त्या औषधांच्या टिकल्यांना जंतू अगदी खेटून वाढले होते. एकाच टिकलीभोवती चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं होतं, तिथले जंतू मेले होते. ते औषध आपल्याकडे नव्हतं. कोल्हापूरच्या एसटीच्या ड्रायव्हरनं ते आणलं, तू स्टँडवरून जवळजवळ धावत आलीस. दोनतीन दिवसांत खाडी खिडकीपासून मागे सरली. मी उठून बसले आणि बाळाला पाजलं.

तेच बाळ, तुझी नात, आता पुण्याच्या इस्पितळात तुझंच काम करतं. परवा फोनवर म्हणाली, “आई, काही बाळंतिणींच्या रक्तातले जंतू असे निघतात, एकाही टिकलीभोवती खळं पडत नाही. मग काय सांगायचं गं घरच्यांना?” मला भीती वाटते आई, त्या बायांसाठी, त्यांच्या आयांसाठी. तू असतीस तर निदान तावातावानं भांडली तरी असतीस.

हे पत्र कुठे टाकणार, तुझ्या जुन्या पातळात गुंडाळून ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. ती बाळंतीण कोण, हे मला तेव्हाच कळलं होतं. मला झोप लागली असं समजून तू पोटावर हात फिरवत पुटपुटत होतीस, “वाढ गो बायो, वाढ लवकर.” बायो तू जगात फक्त मला म्हणायचीस. मी डोळे मिटूनच ठेवले. उघडले असते तर तू रडायची थांबली असतीस.