बरणी ओतली

३ मार्च
बाबांना काढलं! मालकानं भर गिऱ्हाइकांत सुनावलं— "हात थरथरतोय तुझा. घरी बस आता." घरी येऊन आईला काय म्हणाले, तर "बरं झालं, पायांना आराम!" पायांना! मला काय कळत नाही?

त्या जपानी खाणावळीत बाबा माझ्या जन्माआधीपासून निखाऱ्यावर काडीत ओवलेलं चिकन भाजत आलेत. त्या धुरावरच मी शिकले— घरातली पहिली पदवीधर.

४ मार्च
सोडणार नाही त्याला.

१९ मार्च
आज आमच्या अन्न-सुरक्षा खात्याच्या तपासणीत तीच खाणावळ आली! साहेब म्हणाले, "ओळखीची असेल तर दुसऱ्याला देतो." म्हटलं, "नाही, साहेब." खोटं! मी— जिनं परीक्षेत मैत्रिणीलासुद्धा पेपर दाखवला नाही!

२० मार्च
लहानपणी त्यांच्या मागच्या दाराशी बाबांची वाट बघत बसायचे. मालकानं ओळखलं नाही. "या मॅडम, बसा मॅडम!" चहा पुढे केला. घेतला नाही.

स्वयंपाकघर लखलखीत. काही सापडेना. मग बरणी मागितली. भाजलेली काडी हिच्यातल्या काळ्या, गोडसर सॉसमध्ये बुडवतात. रोज नवा सॉस घालतात, पण तळ कधीच रिकामा करत नाहीत— विरजण जपावं तसं. दुकान उघडलं त्या दिवसाचा थेंब अजून आत आहे म्हणे.

"कधीचा हा?"
"मॅडम, ही बरणी म्हणजेच आमचं दुकान—"
"तारीख?"

तारीख कुठून असणार! नमुना प्रयोगशाळेत पाठवून थांबता आलं असतं. थांबले नाही. "ओता." मोरीत ओतताना म्हातारा ढसाढसा रडला. मला काय गार वाटलं! तोंडावर सांगणार होते मी कोण ते— पण शिपाई सोबत होता.

२१ मार्च
आईला सांगितलं. "शाबास! चांगली जिरली मेल्याची!" बाबांनी ताट सारलं.
"तळसुद्धा धुतला?"
"हो."
जेवण तसंच टाकून उठले. माझ्यावर कसला राग? त्यांच्यासाठीच केलं ना!

२३ मार्च
बाबा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. "बरणी पुन्हा लावायला हवी. त्याला एकट्याला नाही जमायचं."
"बोलावलं त्यानं?"
"नाही." चपलेत पाय घालता घालता थांबले. "आणि तिकडे कुणाला कळू देऊ नकोस— तू माझी मुलगी आहेस ते."