घाटवळणावरची खिडकी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

पुन्हा फोटोत गाडीचं शेपूट तुटलं! पुढची इंजिनं आली, मधले डबे आले, आणि जी हवी होती ती मागची इंजिनं फ्रेमच्या बाहेर. पहाटेची एसटी, इगतपुरीच्या पुढे पाऊण तास पायपीट, तीन तास उन्हात बसणं — आणि हाती हे!

कसाऱ्याहून घाट चढायचा तर गाडीला मागूनही इंजिनं लावतात, ढकलायला. बँकर म्हणतात. राखी त्याच बँकरवर असते. असिस्टंट लोको पायलट. माझी मुलगी घाटात आगगाडी ढकलते! नुसतं लिहितानाही छाती भरून येते. आणि तीन वर्षांपूर्वी मीच तिला म्हणाले होते, "मुलींचं काम आहे का ते? बँकेची परीक्षा दे." त्यानंतर दीड महिना आम्ही एका घरात राहून धड बोललो नव्हतो.

ड्युटीवर फोन बंद ठेवावा लागतो. त्यामुळे कामावरचा तिचा एकही फोटो नाही. तो मी काढणार. तिला आधी सांगायचं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज टेकडीवर अक्काबाई भेटल्या. शेळ्या घेऊन येतात. माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, रोज जाती ती गाडी. तिचा कशाला फोटू?"

म्हटलं, मुलगी आहे माझी तिच्या इंजिनात.

शेळ्या तशाच सोडून शेजारी येऊन बसल्या. "पोरगी? एवढ्या धुडात? लय भारी काम हाय!"

त्यांना गाडी माझ्या आधी पाच मिनिटं कळते. चढणारी आणि उतरणारी आवाजावरून ओळखतात. "चढती गाडी कण्हती," म्हणाल्या. आणि मला जागाही त्यांनीच दाखवली — करवंदीच्या जाळीच्या अंगाला. रेल्वेच्या तारेच्या कुंपणाच्या अलीकडेच, पण तिथून अख्खं वळण दिसतं. पुढचं टोक बोगद्यात शिरतं तेव्हा मागचं इंजिन बरोबर खाली, अगदी समोर असतं. चार महिने मी चुकीच्या दगडावर बसत होते!

१ डिसेंबर

धुकं. गाड्या नुसत्या ऐकल्या. अक्काबाईंनी नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला.

८ डिसेंबर, रविवार

एक एक्स्प्रेस छान मिळाली. दारात बसलेला माणूस, खिडकीतून बाहेर आलेला बांगड्यांचा हात, सगळं स्वच्छ. मालगाडीच्या वेळी मात्र हात हलला. कोळशाचे अठ्ठावन्न डबे मोजले आणि बँकर आल्यावर गडबडले. फोटोग्राफी क्लबात मुलं म्हणतात, "मालिनीताई, ट्रायपॉड घ्या." शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं रजिस्टरं उचलली, आता आणखी एक ओझं! पण घेईन.

१५ डिसेंबर, रविवार

मिळाला!! मिळाला मिळाला!

नीट लिहून ठेवते. राखी काल फोनवर सहज बोलून गेली, "उद्या सकाळी बँकरवर आहे, दहाच्या आसपास कंटेनरची मालगाडी घेऊन वर येऊ." मी नऊलाच जागेवर. ट्रायपॉड रोवला. दहा वाजून सात मिनिटांनी अक्काबाई म्हणाल्या, "आली बघा. कण्हती."

आधी पुढची इंजिनं. मग निळे, लाल, विटकरी कंटेनर, वळणावर वळतच राहिले. पुढचं टोक बोगद्यात गेलं आणि करवंदीखालून बँकर पुढे सरकला, अगदी चालत्या माणसाच्या वेगानं. खिडकीत ती! डोक्याला आणि तोंडाला धुळीसाठी ओढणी बांधलेली, फक्त डोळे दिसत होते. कोपर खिडकीत टेकवून पुढच्या अख्ख्या गाडीकडे बघत होती. जणू ते सगळे डबे तिनं एकेक करून मोजून घेतलेत. मी सहा वेळा बटण दाबलं. तिसरा फोटो — तो!

गाडी गेली आणि मी रडले. अक्काबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अवं, रडता काय? हसा की!"

२९ डिसेंबर

क्लबच्या प्रदर्शनात निवडला! आणि प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर, सगळ्यांत मोठा. राखीला कळू द्यायचं नाही.

११ जानेवारी २०२५, शनिवार

आज उद्घाटन झालं. नाशिकच्या कॉलेज रोडचा हॉल गच्च भरला होता. फोटोखाली मी स्वतःच्या अक्षरात कार्ड लावलं — 'माझी लेक, राखी. घाटात.' शाळेतल्या जुन्या शिक्षिका आल्या होत्या. एकजण म्हणाली, "आमची मुलगी बँकेत आहे." मी नुसतं भिंतीकडे बोट केलं! गर्व वाईट म्हणतात. असू दे. मी आज पोटभर केला.

राखीला रेस्ट, म्हणजे सुट्टी, उद्या. उद्या येईल.

१२ जानेवारी, रविवार

राखी आली. फोटोसमोर उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिनं खालचं कार्ड दोनदा वाचलं. मग माझा दंड धरून बाजूला नेलं.

"आई, ही मी नाही गं."

मला वाटलं चेष्टा करते आहे.

"त्या दिवशी आयत्या वेळी मला दुसऱ्या गाडीवर पाठवलं. बँकरवर चांगुणा होती. ही चांगुणा आहे."

 इतके महिने त्या वळणावर, आणि स्वतःची मुलगी मला ओळखता आली नाही! दोनशे माणसांना सांगितलं, माझी माझी म्हणून. राखीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण वेगळ्याच कारणानं. "तू माझ्यासाठी तिथं जाऊन बसायचीस? दर रविवारी?"

मी कार्ड काढून पर्समध्ये टाकलं. फोटोही उतरवा म्हणणार होते. राखीनं अडवलं. "नको. चांगुणाला बघू दे आधी."

१३ जानेवारी

चांगुणा आज ड्युटी संपवून थेट हॉलवर आली. सटाण्याकडची. बारीक, हसरी. फोटोच्या अगदी जवळ गेली. मी माफी मागितली तर म्हणाली, "काकू, माझा कामावरचा हा पहिलाच फोटो."

ती गेल्यावर राखीनं सांगितलं — ठरलेलं लग्न मोडून ही ट्रेनिंगला आली. तेव्हापासून वडील बोलत नाहीत. दोन वर्षं. फोन आई घेते.

राखीला म्हटलं, त्यांना कळवू या का? फक्त एवढंच, की नाशिकला फोटो लागलाय. राखीनं चांगुणाला विचारलं आणि मग फोन केला. आईनं घेतला. "सांगते त्यांना," एवढंच म्हणाली.

१८ जानेवारी, शनिवार

कोणी आलं नाही. उद्या प्रदर्शन संपतंय. चौकशी करणारे विचारतात, कोण ही? मी सांगते — चांगुणा. घाटात गाडी ढकलते. सांगताना मान ताठच होते. का कोण जाणे!

१९ जानेवारी, रविवार

दुपारी हॉल रिकामा होता, राखी आणि मी दोघीच. पांढरी टोपी, हातात पिशवी, एक म्हातारे गृहस्थ आत आले. कोणाला काही विचारलं नाही. सत्तरएक फोटो होते, त्यात बायकांचेही कितीतरी. ते एकेक बघत सावकाश पुढे सरकत होते. आमच्या फोटोखाली कार्ड नव्हतं, नाव नव्हतं, ओढणीत फक्त डोळे. तिथं ते थांबले. टोपी काढली.

"हाई मनी पोर शे," सटाण्याकडच्या बोलीत म्हणाले — ही माझी पोर आहे.

राखीनं चांगुणाला फोन लावून त्यांच्या हातात दिला.