दादाने घडवलेलं कुलूप

ता. ३ मार्च

ती. दादास,
धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? वहिनी सांगत होती, अजून कुलपांच्या दुकानात स्टुलावर चढून किल्ल्या काढतोस. साठी उलटली, आता तरी माकडचेष्टा पुरे!

एक काम आहे. तुझ्या भाच्याचं लक्षण ठीक नाही. फर्निचरला पॉलिश करताना पाठ धरली, तेव्हा कुणीतरी त्याला गल्लीतून दुखण्यावरच्या गोळ्या आणून दिल्या. आता पाठ बरी आहे, पण गोळी सुटत नाही. मी शिवलेले कपडे पोचवायला बाहेर पडले की हा निसटतो. ओरडून झालं, रडून झालं, हातापाया पडून झालं. त्याच्या खोलीला बाहेरून लावायला एक कुलूप पाठव, कुणाच्या बापाला उघडणार नाही असं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कुलूप सोबत पाठवतो आहे. स्वतः घडवलंय. किल्ली मुद्दाम एकच केली, म्हणजे पठ्ठ्याच्या हाती दुसरी लागायला नको. ती गळ्यात घाल. तुझा धांदरटपणा मला ठाऊक आहे.

तुझी वहिनी म्हणते, त्याला व्यसनमुक्ती केंद्रात न्या, तिथे औषध देतात. मी म्हटलं, चार लोकांत बभ्रा कशाला? घरातच आवर घातला की येईल ताळ्यावर. त्याला सांग, मामा रागावलेला नाही.

आमच्यावरचा जीव असाच असू दे.

तुझा दादा

ता. २ एप्रिल

ती. दादास,
सा. नमस्कार.

तो जिवंत आहे, हे आधी लिहिते. इतके दिवस कागद समोर घ्यायची हिंमत झाली नाही.

कुलूप आलं त्याच आठवड्यात ते लावून मी कपडे द्यायला गेले. गोळी त्याने आधीच खोलीतल्या पॉलिशच्या चिंध्यांत दडवली होती. परत आले तर हाकेला ओ नाही. किल्ली गळ्यातच होती, पण दोऱ्याची गाठ मला सुटेना. शेवटी शेजारणीने ती काढून घेऊन उघडलं. ओठ निळे पडले होते. अँब्युलन्सवाल्यांनी नाकात औषध मारलं तेव्हा कुठे छाती हलली. डॉक्टर म्हणाले, गोळी दिसायला नेहमीचीच, पण आत भलतंच जहाल काही मिसळलेलं. विकणाऱ्यालाही ते माहीत नसतं. बंद दाराआड एकट्याने घेतली तर मदतीला कुणी पोचत नाही. दादा, तुझ्या कुलपात काही खोट नव्हती रे.

आता तो रोज केंद्रात जातो. तिथल्या औषधाने तलफ कमी होते. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, हा आजार आहे, उपचारांनी माणूस सावरतो, पण मध्ये पाय घसरू शकतो. आणि मध्यंतरी सोडून, शरीराची सवय गेल्यावर पुन्हा पूर्वीइतकी घेतली तर जिवावरच बेततं.

काल दुपारी मी मशीनवर होते. तो येऊन जमिनीवर बसला आणि म्हणाला की आत्ता गोळी फार हवीशी वाटतेय, जरा जवळ बस. मी ना समजूत घातली, ना धाक दाखवला. मशीन थांबवून त्याच्या शेजारी बसले. संध्याकाळपर्यंत तसेच बसून होतो.

वहिनीला नमस्कार. आमच्यावर लोभ असेल तर ये. काही आणू नकोस, नुसता बसायला ये.

तुझी धाकटी