तक्रार नाही ना?

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा आईच्या वृद्धाश्रमाची तपासणी उरकली. आपलीच आई तिथे, म्हणजे खरं तर दुसऱ्या तपासनिसाला पाठवायला हवं होतं. पण माझ्याइतकं बारकाईनं कोण बघणार? न्हाणीघरातले कठडे, औषधांची कपाटं, जिने, सगळं पाहिलं. प्रत्येक खाटेजवळची घंटेची दोरी स्वतः ओढली, खणखणीत वाजली. चोवीसच्या चोवीस जणांना विचारलं, एकाचीही तक्रार नाही. आईचीसुद्धा नाही, म्हणजे बघ! 'उत्तम' असा शेरा दिला. आता निर्धास्त हो आणि मला फूटपट्टी म्हणणं सोड.

धाकट्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा भाऊ

दि. १७ मार्च

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

आई पडली. घाबरू नकोस, हाड शाबूत आहे, पण कंबर काळीनिळी झाली आहे. चार दिवस मी तिच्याजवळ होते. ती घंटेची दोरी फरशी पुसताना मध्ये येते म्हणून वर खिळ्याला गुंडाळून ठेवतात. उभ्या माणसाचा हात पोचतो, निजलेल्याचा नाही. तू उभ्यानं ओढलीस. आई संडासला जायला एकटीच उठली आणि कोसळली.

मी तिच्यावरच चिडले, की पोरगा तपासायला आला तेव्हा तोंड शिवलं होतं का? तर म्हणाली, त्यानं व्यवस्थापकबाईंसमोर तक्रार नाही ना, असं विचारलं. चारचौघांत त्याला खोटं कसं पाडायचं? तुझ्या छापील कागदावर असाच प्रश्न असतो का रे?

राग आहे, लोभही आहे. दोन्ही घे.
तुझी ताई

दि. २५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागदावर 'काय त्रास होतो?' असं आहे. अकरा वर्षं मी तो माझ्या शब्दांत विचारतोय. माणसं पटकन 'नाही' म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे जाता येतं. हे मला ठाऊक होतं, ताई. फार लाज वाटते.

काल गेलो. आधी सगळ्या दोऱ्या खाली सोडायला लावल्या. मग व्यवस्थापकबाईंना बाहेर थांबवून आईजवळ बसलो आणि प्रश्न जसाच्या तसा वाचला. ती पांघरुणाच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग तिनं मलाच विचारलं, की खरं सांगितलं तर तुझ्या नोकरीवर गदा तर येणार नाही? मला मान वर करवेना. येईल म्हणालो, तरी सांग म्हणालो. तिनं सांगितलं. ताट समोर ठेवतात, भरवायला कोणी थांबत नाही, तसंच उचलून नेतात. अंघोळ आठवड्यातून एकदा. असं बरंच, तासभर.

'उत्तम' मागे घेतला. तो का दिला होता, तेही कार्यालयाला लिहून कळवलं. फेरतपासणी दुसरा कोणी करील.

निघालो, तर शेजारच्या खाटेवरच्या आजींनी माझी बाही धरली. फक्त आईलाच विचारायचं होतं का, असं त्या विचारत होत्या.

लोभ मागायला आज तोंड नाही. उरला असेल तेवढा ठेव.
धाकटा